चार सिलिंडर आणि साडेचार मीटरची बोट

ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या कार्नाक बेटाहून डायव्हिंग करून परत येत होतो. दुपारचं वारं सुटलं, लाट उभी राहिली आणि मागच्या कोपऱ्यात दोरीने आवळलेल्या स्कुबाच्या, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायच्या हवेच्या, सिलिंडरांपैकी एक सुटला. बोटीच्या तळावरून घरंगळत आला, पेट्रोलच्या कॅनवर आपटला आणि नवऱ्याच्या घोट्यापासून वीतभर अंतरावर थांबला. कुणाला लागलं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

पर्थला उन्हाळ्यात दुपारी नैर्ऋत्येकडून समुद्राचं वारं येतं. इथले लोक त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. चाळीस अंशांत भाजलेलं शहर त्या वाऱ्याने सुखावतं. छोट्या बोटीतल्या माणसांना मात्र किनारा गाठायची घाई होते. आमची बोट पत्र्याची, म्हणजे ॲल्युमिनियमची, साडेचार मीटर लांब. अशा बोटीला इथे ‘टिनी’ म्हणतात.

मी मालवणची. तारकर्लीला स्कुबासाठी जाणाऱ्या होड्या लहानपणापासून पाहिल्या, पण स्वतः डायव्हिंग शिकले ते इथे येऊन. त्या दिवशीचा प्रकार फोनवर सांगितला तेव्हा बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, “बाये, होडयेत काय्येक मोकळा ठेवू नको.” चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस. त्यांनी स्कुबाचा सिलिंडर कधी हातात धरलेला नाही, पण नेमकं दुखणं त्यांना कळलं होतं.

आम्ही वापरतो तो ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर. व्यास १८४ मिलिमीटर, आत ११ लिटर जागा, भरल्यावर दाब २०७ बार. गाडीच्या टायरमध्ये साधारण अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज येईल. भरलेला सिलिंडर व्हॉल्व्हसकट साडेसतरा किलोंच्या आसपास जातो. चार सिलिंडर म्हणजे ७० किलो, बोटीत एक जास्तीचा माणूसच! इथल्या बोटींवर किती माणसं, किती वजन याची पाटी लावलेली असते. त्या पाटीचा हिशेब करताना आम्ही सिलिंडर धरलेच नव्हते, हे त्या रात्री लक्षात आलं.

तयार स्टँड मिळतात, पण ते मोठ्या बोटींच्या मापाचे. म्हणून घरीच करायचं ठरलं. पहिला प्रयत्न जाड पीव्हीसी पाइपचा होता: चार तुकडे उभे करून त्यांत सिलिंडर सोडायचे. अंगणात फार छान दिसलं. पाण्यात गेल्यावर कळलं की वजन उंचावर गेलंय आणि बोट जास्त डुलतेय. शिवाय हलत्या बोटीत सिलिंडर बाहेर काढायचा तर साडेसतरा किलो छातीपर्यंत सरळ वर उचलायला लागतात. पाइपच्या बुडाशी खारं पाणी साचायचं ते वेगळंच. दोन फेऱ्यांत ते काढून टाकलं.

मग ठरवलं, सिलिंडर आडवेच ठेवायचे, तळाशी, बोटीच्या लांबीला समांतर. आणि नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, नाही, कारण लाटेवर सगळ्यात जास्त आपटते ती नाळ. मधल्या बाकाच्या मागे जागा धरली.

लाकडाच्या बाबतीत मोठी चूक होता होता राहिली. हार्डवेअरच्या दुकानातून हिरवट रंगाचं, औषध लावलेलं पाइन आणलं होतं, पाण्यात कुजत नाही म्हणून. धक्क्यावर नेहमी भेटणाऱ्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने ते पाहिलं आणि तिथेच थांबवलं. त्या औषधात तांबं असतं. ओलं तांबं ॲल्युमिनियमला खातं. वर्षा-दोन वर्षांत बोटीच्या तळालाच भोकं पडली असती. हे कुणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

शेवटी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डचं प्लास्टिक, म्हणजे एचडीपीई, त्याची २० मिलिमीटर जाडीची फळी घेतली. ती कुजत नाही, पाणी पीत नाही आणि सिलिंडरला ओरखडे पाडत नाही. आधी पुठ्ठ्यावर अर्धगोल कापून सिलिंडरवर धरून बघितला, मग फळीवर आखला. एका फळीत चार खाचा, दोन खाचांमध्ये अडीच सेंटिमीटर, एकूण लांबी ८५. अशा दोन फळ्या, एक सिलिंडरच्या खांद्याखाली, दुसरी बुडाजवळ. जिगसॉ, म्हणजे विजेची बारीक करवत, सावकाश चालवायची, घाई केली की प्लास्टिक वितळून पुन्हा चिकटतं. या प्लास्टिकला गोंद धरत नाही, सगळं बोल्टनेच जोडावं लागतं. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घेतले आणि ते ॲल्युमिनियमला टेकतात तिथे ड्युरालॅक नावाची गंजरोधक पेस्ट लावली. नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जोडी जमली की ॲल्युमिनियम झिजतं. बोटीच्या मूळ पत्र्याला एकही भोक पाडलं नाही, सगळं आतल्या फ्लोअरवर बसवलं.

पट्ट्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. रबरी बंजी, म्हणजे ताणली जाणारी दोरी, उन्हाने तडकते. नायलॉनचा पट्टा भिजला की सैल होतो. पॉलिएस्टरचे घेतले, दाबून लागणाऱ्या साध्या बकलचे. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे दोन पट्टे. एकच लांब पट्टा चौघांवरून टाकणं सोपं, पण पहिला सिलिंडर काढायला तो सोडलात की उरलेले तिन्ही मोकळे, आणि अपघाताच्या दिवशी आमच्या दोरीचं नेमकं असंच झालं होतं.

बुडाला असतात ते प्लास्टिकचे बूटही काढून टाकले, त्यांत मीठ अडकून सिलिंडरचं बूड खराब होतं. वर पांढरं कॅनव्हास टाकतो, कारण एक अंश तापमान वाढलं की भरलेल्या सिलिंडरमधला दाब साधारण ०.७ बारने वाढतो. ओळखायला भरलेल्याच्या व्हॉल्व्हवर चिकटपट्टी, वापरलेल्यावर नाही. वापरलेल्यातही ५० बार शिल्लक ठेवूनच पाण्यातून वर येतो.

गेल्या शनिवारी पुन्हा कार्नाकला गेलो. येताना तोच वारा, तीच लाट. मी अर्धा वेळ मागे वळून बघत होते. कॅनव्हासखाली काहीही हललं नाही. वुडमन पॉइंटच्या रॅम्पवर बोट लावली, गोड्या पाण्याने सगळं धुतलं आणि बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी कॅमेरा जवळ न्यायला सांगितला, एकेक पट्टा बघितला आणि विचारलं, “ह्या कोपऱ्यातल्या बोल्टाक दुसरा नट खंय आसा?”

उद्या आणून लावते.