कौलांची थरथर थांबली, नामावली अडली

सुटलं एकदाचं! माझ्याकडच्या व्हीएचएस कॅसेटींवरची एक जुनी टीव्ही मालिका मी कॉम्प्युटरवर उतरवतोय. तिच्यातल्या वाड्याच्या ज्या थरथरणाऱ्या कौलांचं रडगाणं मागच्या नोंदीत गायलं होतं, ती कौलं आता जागच्या जागी आहेत. मालिकेचं नाव हक्कांच्या भानगडीमुळे इथे घेत नाही. जुन्या नोंदी वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहेच.

साखळी तीच: कॅसेट वाजवायला एस-व्हीएचएस डेक, टेपचा डळमळता सिग्नल सावरणाऱ्या टीबीसीच्या जागी पॅनासॉनिकचा ईएस10 हा डीव्हीडी रेकॉर्डर, मग कॅप्चर कार्ड, काहीही न गमावता साठवणारा एफएफव्ही1 कोडेक, 720 बाय 576, टॉप फील्ड फर्स्ट (फील्ड म्हणजे फ्रेममधल्या एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र; अशी दोन मिळून एक फ्रेम). ईएस10बद्दल कोणी काहीही म्हणो, चित्राच्या वरच्या कडेला येणारा वाक त्याने जसा सरळ केला तसा महागड्या डब्यांनीही केला नाही. डेकमध्ये टेप पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं मात्र विचारू नका. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाने ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून जो गळ्यात मारला तो व्यासाने किंचित मोठा निघाला. आता जुनाच रोलर साफ करून वापरतोय आणि तो छान चालतोय.

तर मुद्दा कौलांचा. क्यूटीजीएमसी हा फिल्टर प्रत्येक फील्डमधल्या नसलेल्या ओळी अंदाजाने भरून पूर्ण फ्रेम बनवतो. घरातले प्रसंग त्यातून काढले की सुरेख येतात. सेकंदाला 50 फ्रेम, हालचाल लोण्यासारखी, स्टुडिओतल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा तो ‘आत्ता समोर चाललंय’ असा भास शाबूत. बाहेरचा शॉट आला की मात्र वाड्याच्या छपरावरची प्रत्येक आडवी ओळ वरखाली नाचायची. सायकलची चाकं, गॅलरीचे गज, नऊवारीची किनार, जिथे बारीक आडवी रेघ तिथे वळवळ. क्यूटीजीएमसीचा प्रीसेट ‘स्लोअर’वरून ‘प्लॅसिबो’वर नेला, तेव्हा वळवळ कमी झाली पण कौलांचा पार लगदा झाला. त्याच कामाचा दुसरा फिल्टर, बीडब्ल्यूडीआयएफ, लावला तर नाच दुप्पट. कोणी सुचवलं होतं की टेपच खराब आहे, पण त्याच कॅसेटवर दोन मिनिटांनी येणारं माजघर काचेसारखं स्वच्छ दिसतं. टेप बिचारी निर्दोष.

शेवटी सगळे फिल्टर काढून टाकले आणि नुसते फील्ड वेगळे करून एकेक पुढे सरकवत बसलो. सायकलवाला उजवीकडून येतो तो शॉट. पहिलं फील्ड: पुढचं चाक खांबाला टेकलेलं. दुसरं: चाक खांबाच्या पलीकडे. तिसरं: तिथेच. चौथं: आणखी पुढे. पाचवं: तिथेच. माजघरात मात्र पदर प्रत्येक फील्डला थोडाथोडा सरकतो. म्हणजे आतलं सगळं व्हिडिओवर, सेकंदाला 50 वेगवेगळे क्षण; बाहेरचं सगळं फिल्मवर, सेकंदाला 25 क्षण आणि प्रत्येक क्षणाची दोन फील्ड. इथवर नवं काही नाही. त्या काळी बाहेर चित्रीकरणाला फिल्म कॅमेराच सोयीचा पडायचा, बीबीसीतही वर्षानुवर्षं हाच रिवाज होता.

खरी मेख जोडीत होती. फिल्मच्या एका चौकटीची दोन फील्ड एकाच व्हिडिओ फ्रेममध्ये बसायला हवीत. इथे ती एका फ्रेमच्या शेवटी आणि पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीला, अशी विभागून बसली आहेत. त्यामुळे फ्रेम थांबवून पाहिली की दोन वेगळ्या क्षणांचे दात एकमेकांत अडकलेले दिसतात आणि सगळ्यांना वाटतं, हाही व्हिडिओच. टेलिसिनेवर फिल्म व्हिडिओत उतरवताना हा अर्ध्या फ्रेमचा सांधा चुकला असावा असा माझा कयास आहे, कारण काही शॉट नीट जुळलेले आहेत आणि काही सरकलेले.

मग इलाज सोपा. बाहेरच्या शॉटना क्यूटीजीएमसी लावायचाच नाही, व्हीएफएम हा फिल्टर लावायचा. तो प्रत्येक फील्डचा खरा जोडीदार शेजारच्या फ्रेममधून शोधून आणतो. मोड 0 पुरतो. जादा फ्रेम काढून टाकणारा व्हीडेसिमेट चुकूनही लावू नका. ते अमेरिकन 3:2 पुलडाउनचं, म्हणजे 24 फ्रेमची फिल्म तिथल्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत बसवण्याच्या पद्धतीचं, औषध आहे. आपल्याकडच्या 25 फ्रेमच्या पाल पद्धतीला लावलं तर चांगल्या फ्रेम गळतील. जोड्या जुळल्या आणि 576 ओळी पूर्ण मिळाल्या. अंदाजाने भरलेली एकही ओळ नाही. छपरावर कौलांच्या रांगा मोजता येतात! मी खरंच मोजल्या. मग घरच्यांना बोलावून दाखवल्या. ‘बरं,’ म्हणाले.

आता प्रश्न उरतो कुठला शॉट फिल्म आणि कुठला व्हिडिओ हे ठरवण्याचा. हाताने यादी करत होतो, पण कंटाळा आला म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. लागोपाठच्या फील्डमधला फरक मोजायचा. फिल्ममध्ये तो कमी-जास्त, कमी-जास्त असा येतो, व्हिडिओत सारखा. व्हीएचएसचा कचरा गणित बिघडवतो, म्हणून मोजण्याआधी चित्र धूसर करून छोटं करायचं. मोजमापापुरतंच, मूळ फाइलला हात नाही. कोणीच हलत नसेल अशा शॉटमध्ये स्क्रिप्ट गोंधळते. तिथे डोळ्यांनी बघून ठरवतो. फिल्मच्या फ्रेम शेवटी दुप्पट करून सगळं 50पीमध्ये, म्हणजे सेकंदाला 50 पूर्ण फ्रेममध्ये, शिवायचं.

ही मालिका ‘एचडी करणार का’ हा तुमचा नेहमीचा प्रश्न. कौलांमुळे त्याचं उत्तर आता ठामपणे देता येतं. बाहेरचे शॉट एचडीच्या लायकीचे आहेत, आतले नाहीत. आणि माझ्या कॅसेटवरून दोन्ही होणार नाहीत. 16 मिमी फिल्ममध्ये एचडीपुरता तपशील आरामात असतो, पण व्हीएचएसवर येईपर्यंत आडव्या दिशेला जेमतेम 240 रेषा उरतात, रंग तर त्याहून कितीतरी कमी. मूळ फिल्म कुठे डब्यात शाबूत असेल तरच काही अर्थ. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतली 1970 सालची ‘स्पेअरहेड फ्रॉम स्पेस’ ही कथा बघा. बीबीसीतल्या संपामुळे स्टुडिओ मिळाला नाही, म्हणून सगळं बाहेर 16 मिमीवर चित्रित केलं, आणि त्या एका अडचणीमुळे 2013 मध्ये तिची खरीखुरी एचडी ब्ल्यू-रे निघू शकली. तिच्या आगेमागच्या कथांमधले स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओवर आहेत, ते कितीही ताणले तरी एसडीच, जुन्या टीव्हीच्याच दर्जाचे.

फिल्म असली म्हणजे झालं असंही नाही. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ 35 मिमीवर चित्रित झाली, पण संकलन आणि दृश्यचमत्कार व्हिडिओ टेपवर. म्हणून 2012 ते 2014 या काळात सातही सीझन ब्ल्यू-रेवर आणताना निगेटिव्ह शोधून, स्कॅन करून प्रत्येक भाग पहिल्यापासून पुन्हा कापावा लागला आणि इफेक्ट नव्याने रचावे लागले. एवढं करून त्यांनी चौकट 4:3च ठेवली याला माझा सलाम. नाहीतर ‘साइनफेल्ड’ ही अमेरिकन विनोदी मालिका. तीही 35 मिमीवरची, एचडीत झकास दिसते, पण टीव्ही भरावा म्हणून 16:9 कापली, आणि 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेलेला! असली एचडी असण्यापेक्षा नसलेली बरी.

एआयवाल्यांसाठीही एक पुरावा. बाजाराच्या शॉटमध्ये मागे ‘पिठाची गिरणी’ अशी पाटी आहे. कॅसेटवर धूसर, पण वाचता येते. चित्र मोठं करणाऱ्या एआय अपस्केलरने ती कमालीची धारदार केली आणि वेलांटीचा आकडा करून पुढचं सगळं कुठल्याशा परग्रहाच्या लिपीत लिहिलं. मालिकेतल्या काकांच्या मिशीचं काय केलं ते सांगत नाही.

तरीही मी शेवटची फाइल 1440 बाय 1080 करणार आहे! यूट्यूबवर 720पीच्या खाली 50 फ्रेम मिळत नाहीत, 25च मिळतात, आणि मग स्टुडिओतली सगळी सहज हालचाल मेली. कधी एखादा तुकडा दाखवायची वेळ आली तर मोठं भांडं हवं. एनएनईडीआय3 या फिल्टरने मोठं करायचं, धार अजिबात वाढवायची नाही, 4:3 सोडायची नाही. त्याला ‘एचडी’ म्हणणार नाही, फाइलच्या नावातही नाही.

आता अडलंय कुठे? शेवटच्या नामावलीत. खाली फिल्मवरचा वाडा, वर सरकणारी नावं, आणि नावं व्हिडिओवर चढवलेली. म्हणजे एकाच चौकटीत खाली 25 क्षण, वर 50. व्हीएफएम लावला तर कौलं स्थिर पण नावांना दात फुटतात. क्यूटीजीएमसी लावला तर नावं सुंदर आणि कौलं पुन्हा नाचायला लागली. तूर्त मास्क करून, म्हणजे बाकीचं चित्र झाकून, अक्षरांपुरता क्यूटीजीएमसी लावतोय. अक्षरांच्या कडेला झालर येते.

हे लिहितालिहिताच सुचलं: सुरुवातीची टायटलं तर दर आठवड्याला तीच असायची. माझ्याकडे वेगवेगळे भाग आहेत, म्हणजे त्याच टायटलांची वेगवेगळी रेकॉर्डिंगं. फ्रेम जुळवून त्यांचा मीडियन, म्हणजे प्रत्येक बिंदूची मधली किंमत, काढला तर प्रत्येकातला कचरा वेगळा असल्याने उडून जाईल आणि चित्र उरेल. नामावलीत नावं दर भागात बदलतात, पण खालचा वाडा तोच असेल तर मीडियनमध्ये नावंही पुसली जायला हवीत. मग स्वच्छ वाडा खाली आणि नावं वेगळी काढून वर! मास्कचं काम आज रात्रीच बंद. आधी बाकीच्या कॅसेटी कॅप्चर करायच्या. त्यातल्या दोघींच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय, त्या साफ केल्याशिवाय डेकमध्ये जाणार नाहीत. डेकचं टेप वाचणारं हेड खराब झालं तर नवीन कुठून आणू?

टेपमधल्या लहानसहान वेगफरकामुळे फ्रेम जुळवताना कोणी काय वापरलंय? गळलेल्या फ्रेम हाताने भरण्याखेरीज काही मार्ग असेल तर सांगा.