खंबाटकीत तापलेली गाडी आणि ४,७०० रुपयांचा थर्मोस्टॅट

एक मेच्या जोडसुट्टीत पुण्याहून साताऱ्याकडे जाणार असाल तर पहाटे पाचच्या आत निघा. जमत नसेल तर सरळ दुसरा दिवस बघा. आम्ही साडेसातला निघालो. सारोळ्याला नीरा ओलांडेपर्यंत रस्ता बरा होता, शिरवळ सोडलं आणि गाड्या सरकायला लागल्या.

त्याच सुमारास बायको म्हणाली, "अहो, एसी गार लागत नाहीये." मी म्हटलं, बाहेर ऊनच एवढं आहे. पुढचे दोन दिवस आणि साडेसात-आठ हजार रुपये तिच्या या एका वाक्याने वाचले असते. तेव्हा ते कळलं नाही.

खंबाटकीचा घाट तेव्हा पुण्याकडून चढावा लागायचा. बोगदा होता तो साताऱ्याहून परत येणाऱ्यांसाठी. चढाला ट्रक पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्यामागे आपण क्लचवर. दहा फूट पुढे, पाच मिनिटं उभे. अर्ध्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकला. मी एसी बंद करून हीटर फुल्ल लावला, काचा खाली केल्या. मेमधल्या उन्हात मागे दोन पोरं आणि समोरून भट्टीची हवा. शिव्या खाल्ल्या, पण हा उपाय खरा आहे: हीटरचं जाळं म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो. काटा दहा मिनिटं थांबला. पुढची रांग मात्र हलायलाच तयार नव्हती. काटा तांबड्यात गेला, बोनेटखालून वाफ आली, आणि मी गाडी डाव्या कडेला घेऊन बंद केली.

इथे लोक फार घाई करतात. आमच्यापुढे उभ्या असलेल्या एकाने गरम इंजिनवर बिसलेरीची बाटली ओतली. असं करू नका, तापलेलं धातू एकदम गार झालं तर तडकू शकतं. रेडिएटरचं झाकणही उघडू नका. आतलं पाणी शंभराच्या वर गेलेलं असतं, केवळ झाकणाच्या दाबामुळे ते उकळत नाही. झाकण फिरवलं की सगळं तोंडावर. अर्धा-पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) हाताने दाबता येण्याइतका निवला की मग जाड फडकं घेऊन झाकण हळूहळू फिरवा.

मी तेवढा थांबलो नाही, माझीच चूक. टोइंगवाला आपणहून येऊन उभा राहिला आणि मी हो म्हणालो. सात किलोमीटरचे तीन हजार! १०३३ हा महामार्गाचा हेल्पलाइन नंबर पोरांना पाठ आहे, मला त्या क्षणी आठवला नाही.

घाट उतरल्यावर महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये गाडी गेली. बोनेट उघडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच निदान तयार: "हेड गॅस्केट गेलंय. हेड उतरवायला लागंल. पंचवीस हजार धरा, चार दिवस गाडी इथंच."

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. हे वाक्य ऐकलं की तिथल्या तिथे तीन गोष्टी बघा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा: ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय का? गार इंजिन चालू करून झाकण उघडं ठेवा: रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतायत का? सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतोय का, आणि इंजिन गरम झालं तरी थांबत नाहीये का? माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ते बोलून दाखवल्याबरोबर गॅस्केट बरं झालं. "मग थर्मोस्टॅट असंल." म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला, इंजिन गार ठेवणाऱ्या द्रावणाला, रेडिएटरकडे वाट उघडून देणारी झडप. थर्मोस्टॅट २,२००, कूलंट ९००, मजुरी १,६००. एकूण ४,७००. कूलंट उकळून बाहेर गेलं होतं, ते भरणं गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. जुना थर्मोस्टॅट मात्र मी मागून घेतला. त्याने नाक मुरडलं. तुम्ही काढलेला पार्ट नेहमी मागून घ्या, कोणी कितीही नाक मुरडलं तरी.

तिथून साताऱ्यापर्यंत काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलो, तेव्हाही नाही. म्हटलं, महाग पडलं पण काम झालं. संध्याकाळी खरेदीसाठी राजवाड्याकडे निघालो. मोती चौकाच्या गर्दीत वीस मिनिटं अडकलो आणि काटा पुन्हा वर! यवतेश्वरचा चढ निभावणारी गाडी सपाट चौकात तापली.

मावसभाऊ दुसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रींकडे घेऊन गेला. त्यांनी बोनेट उघडायच्या आधी एवढंच विचारलं, "चालत्याली असती तवर थंड, हुबी राहिली की तापती. आसंच ना?" मी हो म्हटलं. "मग हुबी आसताना तिला वारं कोन घालतंय?"

त्यांनी मला एसी लावायला सांगितला. एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही. फ्यूज शाबूत होता. पंख्याचा रिले (पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच) काढून त्या जागी हॉर्नचा तसाच रिले लावून पाहिला, तरी पंखा थंड. मग पान्याच्या दांड्याने पंख्याच्या मोटरवर दोन टिचक्या मारल्या आणि पंखा भर्रकन सुटला. मोटरमधले ब्रश झिजले होते. (हे करून बघाल तर बोटं पात्यांपासून लांब ठेवा, तो कधीही सुटतो.)

एसीचं कोडंही तिथेच सुटलं. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारं जाळं, रेडिएटरच्या पुढे असतो आणि उभ्या गाडीत त्याला वारा हाच पंखा घालतो. म्हणून थांबल्यावर एसी कोमट आणि पळताना गार, असं होत असेल तर घाटात शिरायच्या आधी पंखा तपासा. उलट गाडी उभी असताना ठीक आणि वेगात किंवा लांब चढाला तापत असेल, तर आधी कूलंट कमी आहे का ते बघा. मग कचऱ्याने भरलेला रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट बंदच अडकला तर गाडी बहुधा पळतानाही तापते. माझी पहिल्या दिवशी शिरवळपर्यंत पळताना तापली नव्हती, म्हणजे हे मलाच सुचायला हवं होतं.

नवी मोटर २,८००, मजुरी ५००. झाकणाचं रबर कडक झालं होतं, तेही त्यांनी दाखवलं. झाकण बदललं. पुढे पाचगणीला जायचं होतं. ती साधारण तेराशे मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. दाब न धरणारं झाकण घेऊन पाचगणीच्या वाटेवरचा पसरणी घाट चढणं शहाणपणाचं नाही. कूलंट भरताना डबा तयार मिश्रणाचा आहे की घट्ट द्रावणाचा ते वाचा. घट्ट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, त्याने आत क्षार साचतात.

पाचगणी, वाईचा ढोल्या गणपती, मेणवली सगळं छान झालं. गाडी कुठे तापली नाही, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही.

परतायच्या आदल्या रात्री मावशीच्या स्वयंपाकघरात तो जुना थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडला. त्यावर ८२ अंशाचा आकडा कोरलेला होता. पाण्याला उकळी फुटायच्या बरंच आधी झडप व्यवस्थित उघडली. बाहेर काढून निवू दिला तर मिटली. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. म्हणजे त्याला काहीही झालेलं नव्हतं. मी तो डिकीत ठेवलाय. मावशीने ते पातेलं गाडीला दिलं, म्हणाली आता त्यात मी चहा करणार नाही.