फाइल सर्व्हरला जास्त कोअर घेतले की वेग वाढतो का? माझा अनुभव

आमचं सीए ऑफिस, बारा माणसांचं. टॅलीचा डेटा, एक्सेल, स्कॅन, सगळं एकाच सर्व्हरवर. टॅक्स ऑडिटच्या धामधुमीत सकाळी अकरानंतर साधी एक्सेल उघडायलाही एवढा वेळ लागायचा की मुलं कावून जायची.

व्हेंडरने थेट कोटेशनच पाठवलं: चार कोअरचा सर्व्हर काढा, सोळा कोअरचा घ्या. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग.) प्रोसेसर कमी पडतोय हे कशावरून, असं विचारलं की एकच उत्तर, "मॅडम, जुना झालाय." फोन केला तरी तेच, भेटला तरी तेच. ऐन सीझनमध्ये माझी मुलं ताटकळत बसली, त्याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी त्याला अकरा वाजता बोलावून सर्व्हरसमोर बसवलं आणि टास्क मॅनेजर उघडायला लावला. प्रोसेसर ७ टक्के, डिस्क १०० टक्के, आणि तिथून हलायला तयार नाही. आत ७२०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क. विखुरलेल्या छोट्या फाइली असतील तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक रीड-राइट करते. बारा जणांनी एकदम मागणी केली की रांग लागणारच. कोअर सोळा असले तरी तेही त्याच रांगेत. हे स्क्रीनवर दिसत असूनही तो म्हणाला, "कोअर वाढले की सगळंच फास्ट होतं." मी सही केली नाही.

एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि त्याच आठवड्यात तक्रारी थांबल्या. एक टेबल सोडून. तिथे मोठी फाइल कॉपी केली की वेगाचा आकडा सेकंदाला ११ एमबीवर अडकायचा. गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) नेटवर्कवर ११०च्या आसपास मिळायला हवा. ११ दिसला की समजा लाइन १०० एमबीपीएसवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, त्या टेबलाच्या पॅच कॉर्डमधली (कॉम्प्युटरला नेटवर्कशी जोडणाऱ्या छोट्या केबलमधली) एक तार तुटली होती. ही तपासणी खरं तर सगळ्यात आधी करा, फुकट आहे.

टॅली रिमोट डेस्कटॉपने (आपल्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचा स्क्रीन उघडून) सर्व्हरवरच चालवत असाल किंवा व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) असतील, तर कोअर जरूर घ्या, तिथे ते खरंच कामाला येतात. मात्र विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर असतं. सोळाच्या वर गेलात की त्याचेही पैसे वाढतात.

आणि हो, बॅकअप आणि अँटीव्हायरसचं फुल स्कॅन रात्री लावा. आमचं स्कॅन दुपारी चालायचं.