तुम्ही विचारलेत म्हणून : धुराचे कपाट आणि पहिला कांदा

रविवारी दुपारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरामागून पेरूच्या लाकडाचा वास सुटला, की फाटकापाशी कोणी ना कोणी थांबते आणि चार गप्पा झाल्या की ठरलेला प्रश्न येतो : "आम्हालाही इलेक्ट्रिक स्मोकर घ्यायचा आहे, सुरुवात कशी करावी?" सातपूरला कंट्रोल पॅनेल जोडण्याचा माझा लहानसा व्यवसाय आहे, त्यामुळे तारा, हीटर आणि थर्मोस्टॅट यांवर मी बोलू लागले की विचारणाऱ्याची संध्याकाळ जाते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून या वेळी लिहून देते आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. लहान फ्रिजएवढे, दुहेरी पत्र्याच्या मध्ये उष्णतारोधक थर भरलेले, मंद आचेवर धुरात पदार्थ शिजवण्याचे हे एक कपाट असते. तळाशी हीटर, हीटरलगत लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, त्यावर पाण्याची थाळी, मग जाळीचे तीन-चार कप्पे आणि माथ्यावर धूर बाहेर जाण्यासाठी झडप. चुलीवर आच आणि धूर एकाच लाकडातून निघतात, म्हणून एक सांभाळायला जावे तर दुसरे बिघडते. इथे आच विजेची आणि धूर तेवढा लाकडाचा, अशी वाटणी झालेली आहे. भरताला निखाऱ्यावर तूप सोडून आपण जो धुंगार देतो, त्याचेच हे काही तास चालणारे भावंड म्हणता येईल. आच सांभाळण्याचे काम थर्मोस्टॅटने घेतल्यामुळे तुमच्या हाती फक्त धूर उरतो, आणि नवशिका माणूस नेमका तिथेच हात सैल सोडतो. मीही सोडला होता. ती कथा पुढे येईल.

त्याआधी विजेचे. आमचा स्मोकर माझ्या भाच्याबरोबर अमेरिकेहून आला. त्याने तो मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघरामागच्या पॉइंटला जोडला, आणि "मावशी, बघ" हे शब्द पूर्ण होण्याआधी आतून फट् असा आवाज येऊन जळक्या सर्किटचा वास पसरला. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ८०० वॉटचा तो बिचारा हीटर आपल्याकडे सुमारे २,९०० वॉट खेचू पाहत होता. मी पुढे त्याचा हीटर आणि कंट्रोलर दोन्ही बदलून २३० व्होल्टचे बसवले, परंतु हा उद्योग घरोघरी करण्यासारखा नाही. तुमच्या घरात हे काम जाणणारे कोणी नसेल तर २३० व्होल्टचेच यंत्र घ्यावे. परदेशातून कोणी देऊ केलेच तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि प्रवासी बॅगेतला खेळण्याएवढा कन्व्हर्टर त्या कामाचा नाही. जोडणी १६ अँपिअरच्या, नीट अर्थिंग असलेल्या पॉइंटला थेट असावी. बारीक तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड तासाभराने हाताला गरम लागतो, आणि हे यंत्र सहा-सहा तास चालायचे असते. वीजबिलाची मात्र धास्ती नको : ८०० वॉटचा हीटर सहा तास अखंड चालला तरी ४.८ युनिट होतात, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून हीटर बंद करत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

बाहेरून आलेल्या यंत्रांवरचे आकडे बहुधा फॅरनहाइटचे असतात. पाककृतींमध्ये वारंवार येणारा २२५ म्हणजे आपला १०७ अंश सेल्सिअस, आणि २५० म्हणजे १२१. हे ध्यानात न घेता २२५ सेल्सिअसची वाट पाहत बसणारे एक सद्गृहस्थ मला ठाऊक आहेत. बहुतेक स्मोकर तिथवर जातच नाहीत, आणि जाण्याची गरजही नसते.

पहिल्या दिवशी कपाटात खाण्याचे काहीही ठेवू नये. नव्या पत्र्यावर आणि जाळ्यांवर कारखान्यातले तेल असते. ते जाळण्यासाठी यंत्र १३५ अंशांवर तीन तास रिकामे चालवावे आणि शेवटच्या पाऊण तासात मूठभर ढलप्या टाकाव्यात, म्हणजे आतल्या भिंतींवर धुराचा पातळ थर बसतो. दुसऱ्या दिवशी दारावर दिसणारा तापमानाचा आकडा कितपत खरा आहे ते तपासावे. त्यासाठी सुईचा एक चांगला थर्मामीटर लागतो, आणि स्मोकरइतकाच तो आवश्यक आहे असे माझे मत आहे. थर्मामीटरची परीक्षा उकळत्या पाण्यात होते, फक्त इतके लक्षात असू द्यावे की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. काटा १०० दाखवत नाही म्हणून थर्मामीटर परत करायला जाऊ नये. मग एका बटाट्यात सुई आरपार घालून तिचे टोक हवेत राहील अशा बेताने तो प्रत्येक कप्प्यावर ठेवून पाहावा. आमच्या कपाटात दारावर ११० असताना खालच्या कप्प्यात १२२ आणि वरच्यात १०४ निघाले. तेव्हापासून कोंबडी खाली आणि कांदे वर, अशी जागावाटणी ठरून गेली आहे.

आता लाकूड. हिकरी (एक अमेरिकन झाड) आणि ॲपलवुड (सफरचंदाचे लाकूड) यांच्या ढलप्यांच्या पिशव्या ऑनलाइन मिळतात, पण नाशिकला राहून लाकडासाठी पार्सलची वाट पाहावी हे मला पटत नाही. माझे रोजचे लाकूड पेरूचे आहे. त्याचा धूर सौम्य, किंचित गोडसर असतो, आणि बागेची छाटणी झाली की शेतकरी फांद्या आनंदाने देतात. बाभूळ तिखट स्वभावाची. मटणाला चालते, पण चमच्याने मोजून. आंब्याचे लाकूड पुष्कळ जण वापरतात. मी नाही वापरत, कारण आमच्या घरात अर्ध्या जणांच्या अंगावर आंब्याच्या चिकाने पुरळ उठते आणि त्याच्या धुरावर प्रयोग करण्याची मला हौस नाही. निलगिरी आणि पाइन तेलकट व राळेचे, म्हणून वर्ज्य. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड आणि रंग दिलेले कोणतेही लाकूड कधीच नाही. कण्हेर तर बागेत तोडून शेकोटीतही टाकू नये. तिचा धूरसुद्धा विषारी असतो.

इथे प्रत्येक जण मला अडवतो आणि म्हणतो, "मग द्राक्षाच्या काड्या?" प्रश्न रास्त आहे. निफाड-दिंडोरीकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात, आणि फ्रान्समध्ये द्राक्षवेलीच्या काड्यांवर मांस भाजण्याची जुनी रीत आहे. परंतु ज्या काडीवर हंगामभर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि वर इतर औषधांच्या फवारण्या झाल्या आहेत, ती काडी माझ्या ट्रेमध्ये जाणार नाही. जुनी बाग काढताना मिळणारे जाड खोड मात्र मी घेते. त्याची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. ती सगळी सोलून, आतला गाभा सावलीत निदान सहा महिने वाळवून, कोयत्याने अंगठ्याच्या पेराएवढ्या ढलप्या कराव्यात. हा धूर कोंबडीला फार छान लागतो.

ढलप्या भिजवू नयेत. भिजवलेले लाकूड आधी वाफ सोडते आणि वाफ संपल्यावरच धूर, म्हणजे वेळ तेवढा वाया जातो. एका वेळी एक लहान मूठ पुरते; पाऊण तासाने दुसरी, आणि पहिल्या दोन तासांनंतर बहुधा काहीच नको. झडप उघडी ठेवावी. वरून निघणारा धूर विरळ आणि निळसर असेल, मागचे कुंपण त्यातून स्पष्ट दिसत असेल, तर सगळे ठीक चालले आहे. दाट पांढरा लोट निघत असेल तर लाकूड कोंडले जाते आहे, आणि तो कडवटपणा पदार्थावर काजळीसारखा बसतो.

माझी चूक हीच होती. तिसऱ्याच खेपेला मी पाहुणे बोलावून बोकडाचा सव्वा किलोचा फरा कपाटात ठेवला. चार तासांत आतले तापमान ६८ अंशांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. अर्धा तास गेला, तास गेला, आकडा हलेना. यंत्र बिघडले असे समजून मी बाभळीच्या ढलप्यांनी ट्रे काठोकाठ भरला, झडप बंद केली आणि दर दहा मिनिटांनी दार उघडून पाहत राहिले. रात्री साडेनऊला जे ताटात आले, त्याचा पहिला घास घेतल्यावर जिभेला बधिरपणा जाणवत होता. पाहुणे सभ्य होते. त्यांनी पिठले-भाकरी मागून घेतली.

यंत्रात काहीही बिघाड नव्हता. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने मांस ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान अडून बसते : पृष्ठभागावरचा ओलावा उडून जाताना उष्णता घेऊन जातो, आणि हीटर जितके देतो तितके बाष्पीभवन काढून घेते. यावर उपाय दोन. एक तर गप्प बसावे, नाहीतर या टप्प्यावर मांस जाड फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावे, म्हणजे बाष्पीभवन थांबते आणि आकडा पुन्हा चढू लागतो. आपले बोकड चरबीने फार संपन्न नसते, त्यामुळे मी दुसरा उपाय करते आणि फॉइलमध्ये दोन चमचे तूप सोडते. फरा ९२-९३ अंशांना पोहोचला की हाड हाताने ओढून निघते. या सगळ्याला सहा-सात तास लागतात, आणि दर वेळी दार उघडले की त्यात भर पडते.

म्हणून सुरुवात मटणाने करू नये. सुरुवात कांद्याने करावी. लासलगावच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना कांदा निवडायला शिकवण्याची गरज नाही : मध्यम, घट्ट, सालीसकट. वरचे टोक कापून, चिमूटभर मीठ आणि थोडे तेल लावून ११० अंशांवर तीन तास ठेवावा. बाहेरची साल तपकिरी, कागदासारखी होते. ती सोलली की आत जवळजवळ पारदर्शक झालेल्या पाकळ्या एकेक सुटतात, आणि भाकरीवर कुस्करून वर शेंगदाण्याचे कूट घातले की दुसरे कालवण लागत नाही. त्याच वेळी खालच्या कप्प्यात लसणाचे दोन गड्डे आणि एका ताटलीत लाल मिरच्या ठेवाव्यात. मेक्सिकोतली चिपोत्ले म्हणजे धुरावलेली पिकलेली हालापेन्यो मिरचीच; आपल्या मिरचीचा तसा ठेचा का करू नये? वांगे मात्र यात घालून निराश होऊ नये. भरिताला जळलेली साल लागते, ज्वाळ लागते, आणि इथे ज्वाळ नाही.

पुढची पायरी कोंबडीच्या तंगड्या. दुकानदार सवयीने कातडी काढतो. "कातडीसकट हवी" असे आधीच सांगावे. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात चार तास, मग पुसून रात्रभर फ्रिजमध्ये उघड्या. १२० अंशांवर दीड-दोन तासांत आतले तापमान ७४च्या वर जाते, आणि तेवढे गेल्याशिवाय खाऊ नये; तंगडीला ८० अधिक मानवते. या आचेवर कातडी रबरासारखी राहते, म्हणून शेवटी तापलेल्या तव्यावर दोन मिनिटे. मांस कापल्यावर व्हिडिओत दिसते तशी गुलाबी कडा दिसणार नाही. ती जळत्या लाकडातून वा कोळशातून निघणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडमुळे येते. विजेच्या स्मोकरमध्ये लाकूड नुसते धुमसते, त्यामुळे तो वायू फारसा तयार होत नाही. चवीचे त्यात काही जात नाही.

जागेबद्दल एकच गोष्ट निक्षून सांगते : बंद गॅलरीत किंवा घरात हे यंत्र लावू नये, कारण धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. उघड्या अंगणात, पावसाळ्यात पत्र्याच्या शेडखाली, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दिशेने वारा नसताना. आमच्या शेजारच्या काकूंना मी आदल्या दिवशीच सांगते, आणि त्या दोरी आवरून ठेवतात. या व्यवहारात त्यांना चार कांदे जातात.

काम संपल्यावर आतल्या भिंती घासू नयेत, तो काळा थर राहू द्यावा. जाळ्या, दाराची रबरी कड आणि तापमानाचा सेन्सर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, नाहीतर काजळी धरलेला सेन्सर खोटे बोलू लागतो. राख दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड झाल्यावरच काढावी. चरबीचा ट्रे मात्र त्याच रात्री, यंत्र कोमट असतानाच रिकामा करावा. एकदा मी तो सकाळवर टाकला, आणि सकाळी ट्रे अंगणात पालथा आणि कुंपणावर तीन अनोळखी मांजरे बसलेली होती.