एलिफंट बीचवरची सकाळ

अंदमानातील स्वराज द्वीपाच्या, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकच्या, जेटीवरून आज सकाळी आम्ही सहकुटुंब बोटीने एलिफंट बीचला गेलो आणि मास्क व स्नॉर्कल (पाण्यात तोंड बुडवून श्वास घेण्याची नळी) लावून प्रवाळांवर तरंगलो. सासूबाईंना पोहता येत नाही. तरीही गाइडने धरलेल्या रबरी ट्यूबच्या आधाराने त्या पाण्यात उतरल्या, याचे मला सर्वाधिक कौतुक वाटते. समुद्रफुलात (फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्यात) राहणारे क्लाउनफिश मुलीने लगेच ओळखले. मला मात्र खिळवून ठेवले ते पॅरटफिशनी, कारण प्रवाळ कुरतडून ते जी बारीक वाळू विष्ठेवाटे बाहेर टाकतात, तिच्यातूनच प्रवाळी बेटांचे पांढरे किनारे काही अंशी घडतात. २०१० मध्ये समुद्र तापल्याने अंदमानातील बरेच प्रवाळ पांढरे पडले होते, त्यामुळे त्यांवर पाय न ठेवण्याची सूचना आम्ही सर्वांनी कटाक्षाने पाळली.