शाळेच्या मिसळीचा हिशेब

रविवार, रात्र

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाळेची कौलं बदलायला मात्र अजून मिसळच विकावी लागते. संमेलनाच्या खाऊगल्लीत गल्ला या स्टॉलवर जमतो आणि गोंधळही इथंच. ताजं आहे तोवर लिहून ठेवलेलं बरं.

दोनशे प्लेटना कोरडी मटकी सहा किलो. रविवारच्या मिसळीला शुक्रवारी सकाळी भिजलीच पाहिजे; रात्री उपसून फडक्यात, थंडीत मोडाला चोवीस तास. सगळी एकाच गाठोड्यात बांधली की मधली गरम होऊन चिकटते, वास मारते. दीड-दीड किलोची चार गाठोडी करावीत. फरसाण दहा किलो, कांदा पाच, लिंबं पन्नास.

खरी गोम कटात, म्हणजे मिसळीवरच्या तिखट रश्श्यात. कोल्हापूरचा माणूस प्लेट एकदा घेतो, कट तीनदा. माणशी पाव लिटर धरा, म्हणजे पन्नास लिटर. वाढणारा डाव वरवर फिरवतो. पहिल्या शंभरांना लालभडक तवंग, मागच्यांना पिवळं पाणी. मग कुणीतरी घाईनं गार पाणी ओततं आणि उरलीसुरली चवही जाते. त्यापेक्षा कांदा-लसूण मसाल्याची फोडणी जास्तीची करून तिसरा हिस्सा बाजूला ठेवावा, शेजारच्या शेगडीवर आधण ठेवावं. पातेलं अर्ध्यावर आलं की दोन्ही एकदम घालायचं, मीठ बघायचं, डाव तळापासून फिरवायचा. ब्रेड कितीही आणा, कमीच पडतो.

कुपनावर नंबर आणि शाळेचा शिक्का हवाच. साध्या कुपनाची झेरॉक्स पोरं मधल्या सुट्टीत काढून आणतात. प्लेट देताना कुपन फाडायचं, नाहीतर तेच कागद पुन्हा रांगेत येतात. टेबलावर एखाद्या पालकाचा क्यूआर चिकटवला तर शाळेचे पैसे आणि त्यांचं दूधबिल एकाच खात्यात, निवडत बसा. क्यूआर शाळेच्या खात्याचाच लावावा.

पावती पुस्तकं वाटताना क्रमांक लिहून सही घ्यावी. परत न आलेलं पुस्तक हा वर्गणीचा जुनाच आजार. कुणी तेलाचा डबा दिला तरी पावती फाडावी, 'वस्तुरूपाने' लिहून.

आणि भाड्याची भांडी परत करताना झाकणं वेगळी मोजावीत. पातेलं कधी हरवत नाही, डिपॉझिट झाकणावरच कापलं जातं.