कुणग्यातली काच

चिखलणीच्या दिवसांत आमच्या घरात एकाच्या तरी पायाला चिंधी बांधलेली असायचीच. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या भाताच्या कुणग्यांत जोत फिरलं की काचा वर यायच्या. बाबा त्या मेरेवर भिरकवायचे, मी खिशात घालायचो. आठवीत असताना त्यातलाच एक हिरवा गळा वर्गात नाचवून मी जाहीर केलं, ही डचांची बाटली! गावात सतराव्या शतकातली डच वखार पडक्या भिंतींनिशी उभी, मग दुसरं सुचणार तरी काय?

विज्ञानाच्या सरांनी तुकडा हातातही घेतला नाही. म्हणाले, "मानेवरून वर नख फिरव." साच्याचा सांधा नखाला लागत लागत थेट ओठावरून पलीकडे गेला. "म्हणजे यंत्रावरची. तसलं यंत्र अमेरिकेत १९०३च्या सुमारास आलं. तुझे डच तोवर कधीच गेले होते." वर्ग खदखदून हसला.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन सरांच्या टेबलापाशी. ओठ वेगळा चढवलेला असेल तर सांधा मानेवरच विरतो, हे तिथेच कळलं. चिमटा काढल्यासारखी मान दिसली की ती गोटी सोड्याची. कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेली. आतला वायू गोटीला रबरी कडीवर दाबून धरतो आणि ओतताना ती त्या चिमट्यात अडकते. माझ्याकडे अशा तीन माना होत्या, गोटी एकीतही नाही. ती आमच्याआधीच्या पोरांनी फोडून नेलेली!

एकच तुकडा वेगळा निघाला. काळाकुट्ट, पण उन्हात धरला की कडेला शेवाळी. वर माशाच्या खवल्यासारखा रंगीत पापुद्रा. मी तो राखेने घासणार, तोच सर ओरडले. ओल्या मातीत काचेतले क्षार झिरपून जातात, तेव्हा असा पापुद्रा धरतो म्हणे. बूड चौकोनी, बाजू खाली निमुळत्या. डच जिनच्या बाटल्या अशा असत, लाकडी पेटीत दाटीने बसाव्यात म्हणून. "ही असू शकेल," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

१९८४ला दहावी झालो, मुंबईला गेलो, डबा माळ्यावर राहिला. पुढच्या मे महिन्यात येऊन बघतो तर जुन्या गडग्याच्या जागी चिऱ्यांची भिंत आणि वरच्या सिमेंटात माझा अख्खा डबा रोवलेला.

"वांदर चढतत मा!" बाबा म्हणाले.

जिनचं बूड फाटकाच्या खांबावर होतं, पालथं. पापुद्रा दोन पावसाळ्यांत गेला.